वळणाआधी ब्रेक

शाल्मली, तुझा फोटो पोचला.
एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र,
मध्ये पिवळ्या रेनकोटात तू
आणि भाड्याची स्कूटर,
तिचा एक आरसा चिकटपट्टीनं बांधलेला.
वादळ येणार म्हणून शाळेला सुट्टी दिली होती,
वादळ भलतीकडेच गेलं
आणि तू निघालीस, एकटी,
हुआलिएनहून खाली,
तिसऱ्या बोगद्यात गाडी बंद पडेपर्यंत.
हे तू हसत सांगितलंस.
मी विचारलं, जेवलीस का.

तुझी सकाळ माझ्याआधी अडीच तास होते.
काल रात्री मी ते अडीच तास
कुशीवर वळून वळून मोजले.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
कधी चूक झाली नाही;
काल मात्र हिशोब लागेना.

साडेपाचला गाडी काढली.
पाळदे काकू फाटकात होत्या. म्हटलं, दळण आणते.
एवढ्या पहाटे कुठली गिरणी,
आणि डबा कुठाय,
हे त्यांनी विचारलं नाही. चांगल्या आहेत.

बिटको, द्वारका, त्र्यंबक नाका.
सातपूरला पहिल्या पाळीची माणसं
टपरीवर उभ्यानं चहा पीत होती.
अंजनेरी डावीकडे आली तेव्हा
माझे हात हँडलवर इतके आवळलेले
की बोटं आपली वाटेनात.

तेव्हा तुझा आवाज आला.
प्रेसच्या मैदानातला, अठरा वर्षांची असतानाचा.
लायसन्स हातात येऊन आठवडा झाला होता
आणि तू चव्वेचाळीसच्या बाईला शिकवायला निघालीस:
आई, चाकाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ.
आई, ब्रेक वळणात नाही. वळणाआधी.
मी दोनदा पडले. तू एकदाही ओरडली नाहीस.
आता तिकडची पोरं तुला काय हाक मारतात
ते मला उच्चारता येत नाही,
पण तुझी पहिली विद्यार्थिनी मी,
हे कुठे लिहून ठेवलंय का कुणी?

त्र्यंबक मागे पडलं. देवाला बाहेरूनच हात जोडले.
पुढे सगळीकडे खुरासणी फुललेली,
उतारच्या उतार पिवळे,
तुझ्या रेनकोटासारखे,
आणि मग तोरंगणचा घाट.

घाटात मी तीन वळणं नीट घेतली.
चौथ्यात गाडी बंद पडली.
खोटं नाही सांगत. आपलं खानदानच तसं असावं.

आश्रमशाळेची चार पोरं रस्त्यानं चालली होती.
लहानू नावाच्यानं प्लग काढला,
शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.
मावशी, कुठं चाललात?
मला उत्तर सुचेना, मी म्हटलं, समुद्र बघायला.
पोरं एकमेकांकडे बघून हसली.
लई लांब हाय अजून, एक म्हणाला,
मोखाडा, जव्हार, मग किती तरी.
तुम्ही पाहिलाय? मी विचारलं.
नाही, म्हणाली. पण वारा तिकडून येतो.

मी कठड्यावर बसले.
खाली डोंगर एकामागे एक विरळ होत गेलेले,
धुतलेल्या लुगड्यासारखे,
आणि शेवटी नुसता पांढुरका उजेड.
तो समुद्र नव्हता, मला ठाऊक आहे.
तरी मी तोंडात थोडा वारा घेऊन पाहिला,
खारट लागतो का.

परतीला पीठ विकत घेतलं, पाच किलो.
काकूंना दाखवायला काही तरी हवं ना.

दुपारी तुला फक्त मीटरचा फोटो पाठवला,
आकडे वाढलेले, बाकी काही लिहिलं नाही.
तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळ.
लगेच उत्तर आलं:
हेल्मेट घातलं होतंस का?

मी लिहिलं, जेवलीस का.